आजोबांचे सख्खे नातू

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बसायच्या खोलीत, जवळजवळ भिंतभर लांबीची काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. दात उपटून घ्यायला आलेल्या माणसाचं मन रमावं म्हणून ती ठेवली आहे, असं डॉक्टर सांगत. खरं म्हणजे ती डॉक्टरांचं मन रमावं म्हणून होती. दाढ दुखणाऱ्या माणसाचं मन कशातच रमत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तर त्या टाकीतले मासे एका आठवड्यात पटापट मेले. आधी निळा गेला, मग पिवळी गेली, मग कायम जोडीनं फिरणारे दोघे जोडीनंच गेले. रूट कॅनालसाठी आलेल्या एक बाई नंबर लावून टाकीसमोर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत एक मासा उताणा झाला. बाई उठल्या, "आता दुखायचं थांबलंय," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

मेले कशानं, ते काही कळलं नाही. डॉक्टरांनी पाणी तपासलं. पाणी उत्तम. खारटपणा, उष्णता, सगळं जिथल्या तिथे. मासेवाल्या दुकानदाराला फोटो दाखवले. त्यानं ते बोटांनी मोठे करून, लहान करून, फोन आडवा-उभा धरून पाहिले.

"रोग असणार," तो म्हणाला.

"कुठला?"

"मारणारा."

वाचला तो फक्त आजोबा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, शेपटीचा एक कोपरा कुरतडलेला, आणि वय एवढं की दुकानदाराचा त्यावर विश्वास बसत नसे. दवाखाना उघडला त्या वर्षी तो डॉक्टरांना साडूंनी दिला होता. एक पेशंट गेला आणि दुसरा खुर्चीत बसायचा असला की डॉक्टर मधल्या वेळात बाहेर येऊन काचेशी उभे राहत, आणि आजोबा कुठेही असला तरी निघून त्यांच्यासमोर येई. दुसऱ्या कुणासाठी तो जागचा हलत नसे. "आपली लेक महिन्यातून एकदा फोन करते," डॉक्टरांची बायको म्हणे, "हा दर दाढेला भेटतो." यावर डॉक्टर हसून पुढच्या पेशंटाला आत बोलावत. पण आजोबा गेला तर ही टाकी आपल्याच्यानं पुन्हा भरवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकानदारानं बजावून ठेवलं होतं. "वाचला म्हणजे एक तर तो दणकट आहे, नाही तर रोग त्याच्याच अंगात मुरलाय. नवा मासा एकदम सोडू नका. नव्याचं जुन्याला लागेल, नाही तर जुन्याचं नव्याला. आधी काही आठवडे वेगळा ठेवा."

एवढं सांगितल्यावर डॉक्टर कशाला मागे राहतात! आयुष्यभर दर पेशंटामागे हातमोजे बदललेला माणूस. त्यांनी एक्स-रेची जुनी खोली रिकामी केली. तिथे एक टब मांडला. त्याला वेगळा हीटर, वेगळी जाळी, वेगळी नळी, वेगळा टॉवेल. माशांना लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी. टबात अजून एकही मासा नव्हता. पण व्यवस्था अशी चोख की माशालाच आजारी पडायची लाज वाटावी.

"लग्नाच्या वेळी मला एवढं पारखलं नव्हतंत," बायको म्हणाली.

"तेव्हा अनुभव नव्हता," डॉक्टर म्हणाले.

आणि दुसऱ्याच दिवशी साडू आले.

साडूंचा पाण्याच्या पंपांचा धंदा. पंप चालू असताना बोलायची सवय असल्यामुळे पंप नसला तरी ते तसंच बोलत. हातात फुगवलेली पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात दोन नारिंगी पिल्लं.

"डॉक्टर!" ते दारातूनच म्हणाले. खुर्चीतल्या पेशंटानं घाबरून तोंड मिटलं आणि डॉक्टरांचं बोट आत राहिलं. "आजोबांचे नातू आणलेत! सख्खे! आमच्या घरी जन्मलेले. आमची टाकी नुसती ओसंडून वाहतेय हो, ठेवायला जागा नाही. म्हटलं, तुमच्याकडे असा प्रसंग झालेला. घरची माणसं नाही धावून येणार तर कोण येणार?"

डॉक्टर बोट सोडवून बाहेर आले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, एक्स-रेच्या दाराकडे मात्र पाहिलं नाही. नातवांना आजोबांच्या घरात घ्यायच्या आधी काही आठवडे बंद खोलीत ठेवून त्यांना रोगबिग आहे का बघणार, हे मोठ्या साडूंना सांगायचं कसं? म्हणजे तुमच्या घरचं काही सांगता येत नाही, असंच की! मेव्हणीनं पाठवलेल्या लाडवाला हुंगून बघण्यातलाच प्रकार.

"वा वा," डॉक्टर म्हणाले. "पिशवी जरा तरंगत ठेवू. पाणी सारखं व्हायला हवं. वेळ लागेल."

"लागू दे. मी बसतो."

"बराच वेळ लागेल."

"किती?"

"तुम्हाला काम किती वेळात आहे?"

शेवटी साडूंना कुठलासा पंप बघायला जायचंच होतं. "रविवारी येतो," ते म्हणाले. "आजोबा-नातवंडं एकत्र बघायला." ते वळताक्षणी नातवंडं एक्स-रेच्या खोलीत दाखल झाली.

"तुमच्या साडूंना सरळ सांगा," बायको म्हणाली.

"तू सांग. तुझे भावोजी."

"मासे तुमचे."

"बहीण तुझी."

असं दोन दिवस चाललं. त्यातून डॉक्टरांना जी युक्ती सुचली ती दातांच्या डॉक्टरालाच सुचू शकते. कवळ्यांचे साचे ठेवायचा एक खोल, स्वच्छ, पारदर्शक डबा त्यांच्याकडे होता. तो घासूनपुसून रविवारी सकाळी त्यांनी आकड्यांनी मोठ्या टाकीच्या काठाला आतून टांगला. कड पाण्याच्या वर. डब्यात टबातलं पाणी, त्यात दोन्ही नातू. बाहेरून पाहिलं तर सगळे एकाच पाण्यात. पाणी मात्र थेंबभरही एकमेकांत नाही. डॉक्टर दोन पावलं मागे सरून स्वतःच्या कामाकडे बघत राहिले. इतकी बेमालूम कवळी त्यांनी कधी कुणाला बसवली नव्हती.

साडू आले. चहा आला. साडूंनी सोफ्यावरूनच टाकीकडे पाहिलं.

"दोघं एकाच कोपऱ्यात का हो?"

"नवीन आहेत. लाजतात."

"आजोबा काय म्हणतो?"

आजोबा काही म्हणत नव्हता, डब्यावर धडका मारत होता. आपल्या जातीचे दोन उपरे आपल्या कोपऱ्यात बसलेले पाहून त्याचं माथं फिरलं होतं. मागे जाई, वळे आणि नाक आपटे.

"नातवांना बघून भरून आलंय त्याला," डॉक्टर म्हणाले.

एरवी साडू यावर गडगडाटी हसले असते. पण ते चहाच्या कपाकडे बघत होते. मग पुन्हा टाकीकडे. मग डॉक्टरांकडे. आवाज एकदम इतका लहान झाला की डॉक्टरांना वाटलं, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"डॉक्टर, हे... तुम्ही खरंच सोडलेत यात? आजोबाबरोबर?"

"म्हणजे काय! घरचेच आहेत."

"पण तुमचा स्वभाव असा नाही हो! साधा चमचा तुम्ही तीनदा धुता. मला वाटलं, तुम्ही आधी वेगळे ठेवाल. मी त्या भरवशावर दिले!"

"कसला भरवसा?"

"माझ्याकडचे सगळे मेले, डॉक्टर. तुमच्या आधीच. कशानं, देव जाणे. हे दुकानातले आहेत. हिला कळू नये म्हणून हुबेहूब तसेच चार आणून त्याच टाकीत सोडले आणि टाकी रिकामी वाटते असं कुणी म्हणू नये म्हणून त्यातलेच दोन तुम्हाला दिले. ज्याच्याकडे जास्त झालेत तोच वाटतो ना? त्या दिवसापासून मला झोप नाही. माझ्या हातचा आता आजोबाच उरलाय हो!"

डॉक्टर 'अहो थांबा, डबा आहे' असं सांगणार होते. पण साडू बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी झटक्यात बाही वर केली, झाकण ढकललं आणि नातवांपासून आजोबाला वाचवण्यासाठी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. हाताला डब्याची कड लागली. आकडे निसटले. डबा सावकाश, अगदी अदबीनं कलंडला आणि दोन्ही नातू आपल्या पाण्यासकट आजोबाच्या पाण्यात उतरले.

साडूंच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"हा डबा कसला?" त्यांनी विचारलं.

"कवळ्यांचा," डॉक्टर म्हणाले.

बायको टॉवेल घेऊन आली. "भावोजी, हात पुसा. आणि ताईला पहिल्याच दिवशी कळलंय बरं का. तिचा फोन आला होता मला."

"काय कळलंय?"

"मासे बदललेत ते. आधीचा एक तिच्या हातून खायचा, हा बघतसुद्धा नाही म्हणाली."

"मग बोलली का नाही?"

"म्हणाली, तिला कळलेलं नाही असं तुम्हाला वाटतंय, तर वाटू दे. एवढी धडपड केलीय बिचाऱ्यांनी."

डॉक्टर बायकोकडे वळले. "आणि मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही वेगळेच ठेवले होतेत की. सांगून भावोजींची अब्रू कशाला घालवायची?"

म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांची मनं जपली होती. टाकीत पोहणाऱ्याचं तेवढं जपायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी चष्मा बदलला आणि काचेला नाक लावलं. त्यातल्या एका नातवाच्या कल्ल्यावर पांढरे ठिपके होते. मीठ भुरभुरावं तसे. सकाळी डब्यात घालताना ते होते की नव्हते, हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. सकाळी त्यांचं सगळं लक्ष डब्याकडे होतं.

मग तिघांनाही काढलं. आजोबाला पकडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. जाळी घेऊन डॉक्टर एका टोकाला, साडू दुसऱ्या. एक्स-रेच्या खोलीत आणखी एक टब मांडला गेला. एकात नातू, एकात आजोबा, दोन्हींत औषध. टाकी रिकामीच चालू राहिली. पेशंट येत, बुडबुडे बघत बसत. एकानं विचारलंही, "यातले मासे लहान आहेत का फार?"

साडू रोज दुपारी येऊ लागले. आवाज आपोआप खाली आला होता. आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे, हातमोजे घालायचे, आजोबाशी बोलायचं. मग मोजे टाकायचे, दुसरे घालायचे, नातवांकडे जायचं. सांगावं लागत नसे. नातवांतला एक गेला, आणि गेला तो ठिपके नसलेला. ठिपकेवाला खाऊन-पिऊन टुणटुणीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "असं होतं." डॉक्टरांनी त्याला पुढे काही विचारायचं सोडून दिलं.

आजोबा मात्र खात नव्हता. पाइपाच्या तुकड्यात तोंड खुपसून पडून असे. डॉक्टर समोर उभे राहिले तरी शेपटीच दाखवी. कोळंबीचा तुकडा टाकावा, तो तळाशी जावा, तिथून काढावा, असं चाललं होतं. डॉक्टर एक दाढ उपटून येत, टबात बघत आणि पुढची दाढ उपटायला जात. बायकोनं जेवणाच्या टेबलावर आजोबाचं नाव काढणं बंद केलं.

एका दुपारी दोघंही टबाशी स्टुलावर बसले होते. साडूंनी चिमट्यात कोळंबीचा कण धरला होता. बाहेर गाल सुजलेला एक माणूस कण्हत होता. त्याचा नंबर येऊन बराच वेळ झाला होता.

"डॉक्टर, जा तुम्ही. मी बघतो."

"धरा हो तसाच. हलवू नका."

पाइपातून आधी नाक बाहेर आलं. मग एक डोळा. आजोबानं चिमट्याकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं आणि ओढाओढी न करता, उपकार केल्यासारखा कण उचलला. चघळला. थुंकला. पुन्हा उचलला आणि गिळला.

साडू बराच वेळ चिमटा तसाच धरून होते.

"दात असतात का हो यांना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"असतात. बारीक."

"दुखतात?"

"कुणी सांगायला आलं नाही अजून," डॉक्टर म्हणाले आणि दुसरा तुकडा कापायला घेतला. बाहेरचा माणूस जरा जोरात कण्हला.