सगळे धागे सिस्टरांकडे

मी एक जुना बुचाचा फळा आहे. सध्या माझा मुक्काम आरोग्य कार्यालयातल्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा! अंगावर टाचण्यांची भोकंच भोकं आहेत. पण मित्रांनो, मला त्यांची लाज वाटत नाही.

सुताराने मला लाकडी चौकटीत बसवलं, तेव्हा वाटलं होतं की आपल्या नशिबी आता नोटिसा. रजेचे नियम, हरवलेल्या छत्र्या, असलंच काहीतरी. पण मला नेलं बैठकीच्या खोलीत. शहराच्या आरोग्याची जबाबदारी असलेल्या डॉक्टरबाई तिथे बसायच्या. साथ आली की सगळ्यांनी मिळून धावावं म्हणून त्यांनी शाळा, पाणीखातं, दवाखाना, महिला मंडळ आणि औषधांची दुकानं यांची मोट बांधली होती. या मंडळींचं आपसात कितपत जमतं, ते त्यांना माझ्यावर मांडून बघायचं होतं. प्रत्येकाच्या नावाची एक टाचणी, आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं आहे त्यांच्यामध्ये लाल लोकरीचा धागा.

पहिल्या खेपेला गंमतच झाली. बैठकीला जे जे हजर, त्या सगळ्यांमध्ये धागे बांधले गेले. बैठकीतला चहा फक्कड असायचा, त्यामुळे हजेरी भरपूर. मी नुसता लालेलाल! पाहुणे यायचे, "वा, काय एकजूट आहे!" म्हणायचे, माझ्यासमोर फोटो काढून घ्यायचे. मीही कॉलर ताठ करून उभा, जशी काही ती एकजूट माझीच कमाई.

त्याच वर्षी एका वस्तीत जुलाबाची साथ आली. शाळेत मुलं येईनाशी झाली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी फोन लावला तो सिस्टरांना. औषधाच्या दुकानदाराने सिस्टरांना, महिला मंडळानेही सिस्टरांनाच. सिस्टर म्हणजे आमच्या कार्यालयातल्या जुन्या परिचारिका. कुणाचंही गाऱ्हाणं ऐकायच्या आणि काम मार्गी लावूनच बसायच्या. नेमक्या तेव्हा त्या तापाने फणफणल्या होत्या आणि फोन बंद होता. फुटलेल्या नळातून घाण पाणी जात राहिलं, पण पाणीखात्याला कुणी कळवलंच नाही. मुलांना दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली. देवाच्या दयेने सगळी वाचली, पण डॉक्टरबाईंची झोप उडाली.

त्यांनी माझे सगळे धागे उपटले. मग एकेकाला वेगळं गाठून विचारलं, "बैठकीचं सोडा हो. अडचण आली तर तुम्ही आपणहून कुणाला फोन करता?" त्या उत्तरांप्रमाणे नवे धागे बांधले. बघतो तर काय, झाडून सगळे सिस्टरांच्या टाचणीकडे! बाकीच्यांच्या मध्ये एकही नाही.

"सिस्टर, पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग या सगळ्यांनी काय करायचं?"

सिस्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकलेच की काय?"

"छे हो! तुम्ही होता, म्हणून तर कुणाला दुसरं दार ठोठावावं लागलं नाही."

सिस्टर जिद्दीच्या. त्यांनी पदर खोचला. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला की म्हणायच्या, "मला काय सांगता? पाणीखात्याच्या साहेबांना लावा की. ते काय खातात का तुम्हाला?" पण त्या दोघांचा शाळेच्या टाकीवरून जुना अबोला होता. मग एके दुपारी सिस्टरांनी दोघांना माझ्यासमोर बसवलं, "आलेच हं चहा घेऊन," म्हणाल्या आणि परत आल्याच नाहीत. आधी दोघं खिडकीबाहेर बघत बसले. मग साहेब खाकरले, बाई हसल्या, आणि उठताना त्यांच्यामधला धागा त्यांनीच बांधला. असे धागे वाढत गेले, सिस्टरांचे विरत गेले. कधी कधी त्या माझ्यासमोर थांबून म्हणायच्या, "ओस पडले की रे मी!" मला फार वाईट वाटायचं. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर होतं, तरीही.

सिस्टर निवृत्त झाल्या. काही महिन्यांनी सहज भेटायला आल्या, तर कार्यालयात सगळीच मंडळी जमलेली. बोलता बोलता विषय निघाला, की मधे दुसऱ्या वस्तीत नळ फुटला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी थेट साहेबांना फोन केला, संध्याकाळच्या आत दुरुस्ती झाली, महिला मंडळाने घरोघरी पाणी उकळायला सांगितलं. एकही मूल दवाखान्यात गेलं नाही.

"अगंबाई! एवढं सगळं झालं, आणि मला एक फोन नाही?" सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी मान खाली घातली. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "नाही केला, सिस्टर. गरजच पडली नाही."

सिस्टरांचे डोळे भरून आले. "सुटले बाई एकदाची!" असं म्हणून त्या हसल्या, पण डोळे काही थांबेनात.

आता हे धागे संगणक काढतो, चुटकीसरशी. माझी तक्रार नाही. धूळ झटकलीत तर बरं वाटेल, एवढंच. पण मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी आई, ताई किंवा काकू असेल, जिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. सगळा भार तिच्यावर टाकू नका, एकमेकांशीही बोला. आणि तिचा भार हलका झाला, की काही काम नसताना तिला एक फोन करा. त्या दिवशी सिस्टर रडल्या, त्या तेवढ्यासाठी.