कोंबडा आरवल्यानंतर

आमच्या गल्लीत कोणी कोंबड्या पाळत नाही. तरी माझा नवरा जॉनी पाव आणायला निघाला की मागून कोंबडा आरवतो. कधी बेकरीच्या पायरीवरून, कधी गल्लीतल्याच ॲलनच्या बाइकपाशी जमलेल्या टोळक्यातून. पोटं सुटलेली मोठी माणसं, आणि तोंड लपवून कुकूचकू करतात. जॉनी मान खाली घालून चालत राहतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोंबडाच का, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आम्ही मालाडच्या जुन्या गावठाणातले ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे, इथं इमारती यायच्या आधीपासूनचे. आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की येशूला पकडून नेलं तेव्हा त्याचा पट्टशिष्य पेत्र अंगणात आगीपाशी शेकत बसला होता आणि कोणी विचारलं तर म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. असं तीनदा म्हणाला, आणि कोंबडा आरवला. जॉनी एकदाच म्हणाला, आणि तेही माणसाबद्दल नाही, क्रुसाबद्दल.

गल्लीच्या तोंडाशी आमचा क्रूस होता. प्लेगच्या साथीत गावानं बांधलेला, चौथऱ्यावर उभा, चुन्यानं पांढराशुभ्र. त्याची देखभाल जॉनीच्या घराकडं. सणाआधी चुना लावायचा, दिव्यात तेल घालायचं, आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथं उभं राहून सगळ्या गावाकडून उत्तर घेत जपमाळेची रोझरी आणि लितानी म्हणायची. आधी त्याचा आजा म्हणायचा, मग बाप, मग हा. एरवी जॉनीच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड लागते. पण क्रुसापाशी उभा राहिला की आवाज असा लागायचा की शेजारची कोकणातली सुगंधाताईसुद्धा अगरबत्ती घेऊन यायची आणि उकडलेले चणे वाटून होईपर्यंत हलायची नाही. मी त्या आवाजावर भाळून लग्न केलं, नाहीतर जॉनीत दुसरं काय होतं?

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला यंत्र आलं. बरोबर एक साहेब आणि दोन पोलीस. साहेब वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं यंत्र थांबवलं आणि विचारलं, हा क्रूस कोणाचा, बघतो कोण याचं, पुढे या, हलवायचा तर नीट हलवू. अख्खं गाव जमलं होतं. सगळ्यांनी जॉनीकडं पाहिलं. जॉनी म्हणाला, "माझा नाय. मला काय माहीत नाय."

तो घाबरला. यापलीकडं कारण नाही आणि मी शोधतही नाही. साहेबानं पुन्हा विचारलं, कोणीच नाही का? गावानं तोंडात मिठाची गुळणी धरली. मी तेव्हा कामावर होते. हे सगळं मला कळलं ते ॲलनच्या व्हिडिओतून, कारण ॲलन त्या वेळी मोबाइल वर धरून शूटिंग करत होता. मग यंत्राचा दात चौथऱ्यात शिरला. जॉनीची आत्या जेनेव्हिव्ह आंघोळ अर्धी टाकून ओल्या केसांनी धावत आली आणि ढिगाऱ्यावर चढायला गेली. तिचा पाय निसटला, खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवर आहे, आणि तेव्हापासून जॉनी तिच्या घरी गेलेला नाही. तिनंही बोलावलं नाही.

नंतर ॲलननं कमिटी काढली. आयत्या बिळावर नागोबा. सोसायटीच्या भिंतीला लागून ग्रॅनाइटचा नवा क्रूस उभा राहिला, खाली ॲलनचं नाव सोनेरी अक्षरांत. मे महिन्यात आता रोझरी स्पीकरवर लागते, मोबाइलमधली, कुठल्याशा बाईच्या आवाजातली, इंग्रजीतली. लोक उत्तर देत नाहीत, कारण ती बाई कोणासाठी थांबतच नाही.

जॉनी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जातो. आत बसत नाही, दारापाशी छत्र्या ठेवतात तिथं उभा राहतो. कम्युनियनला, प्रसादाची भाकर घ्यायला, पुढं जात नाही. कन्फेशन केलं त्यानं, फादरपुढं पाप कबूल केलं, नाही असं नाही. फादरनं तीन नमो मारिया, मिनिटभराची प्रार्थना, म्हणायला सांगून मोकळं केलं. तीन! मी फादरला गाठून विचारलं की मग हा माणूस सरळ का होत नाही. फादर म्हणाले, "देवानं त्यांना माफ केलंय, आता त्यांनी स्वतःला माफ करायला हवं." फादर कोवळे आहेत, चांगले आहेत, पण मला असा राग आला की मी नमस्कारही न करता निघून आले. खुबा मोडला आत्याचा. माफी देणार देव, घेणार जॉनी, मग आत्या कुठं गेली?

परवा मे महिन्यातल्या शनिवारी मासळी बाजारात माझा ताबा सुटला. मी बोंबील निवडत होते, जॉनी पिशवी धरून मागं उभा, आणि बर्फाच्या पेट्यांपलीकडून कोंबडा आरवला. मी बोंबील टोपलीत टाकले आणि सरळ ॲलनसमोर जाऊन उभी राहिले.

"तुझा व्हिडिओ मी कान लावून बघितला, ॲलन," मी म्हणाले. "तुझा आवाज शोधत होते. कुठंय तो?"

"मस्करी करतो गं आम्ही. लगेच काय मनावर घेतेस?"

"शूटिंग मात्र झकास केलंस. हात जरापण हलला नाय."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी का बोलायचं? क्रूस त्याच्या घराकडं होता ना?"

"मग तेच साहेबाला सांगायचं होतं, याच्या घराकडं आहे म्हणून. तेवढं बोलायला काय झालं होतं तुला?"

मासेवालीनं कोयता चालवायचा थांबवला. मला आता कोणी थांबवू शकत नव्हतं. "बायबलात तुला कोंबडाच तेवढा सापडला. पुढं वाच की. त्याच पेत्राला येशूनं किनाऱ्यावर बोलावलं, मासे भाजून खायला घातले आणि माझी मेंढरं सांभाळ म्हणून सांगितलं. ते पान चिकटलंय काय तुझं?"

ॲलन हसला. "मग बोलवू दे ना येशूला. आम्ही कोण बोलावणारे?"

मी फिरले, बोंबील पिशवीत टाकून घेतले आणि त्या बोलण्याचा राग घरापर्यंत घेऊन आले. मोरीत मासे आपटले. जॉनी दारात उभा राहून म्हणाला, "कशाला भांडतेस? खोटं काय बोलतात ते?" मला त्याच्याच अंगावर सुरी फेकावीशी वाटली. त्याच्यासाठी मी गावाशी वैर घेते आणि हा गावाच्या बाजूनं साक्ष देतो.

बाजारातलं भांडण आत्याच्या खाटेपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! संध्याकाळी तिची नात ट्रिशा आली आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाली, "आजीनं बोलावलंय. अंकलला. आत्ताच."

जॉनीनं हातातला कप खाली ठेवला. "नको," तो म्हणाला. "काय तोंड घेऊन जाऊ?"

"जे आहे तेच घेऊन जा. दुसरं नाय तुझ्याकडं," मी म्हणाले.

तो उठला. मी त्याच्यामागून गेले, कारण आत्याची जीभ मला माहीत होती आणि आता या माणसाला अजून कोणी तोडलं तर तो पुन्हा उभा राहणार नाही, अशी मला भीती होती.

खाट खिडकीशी होती. आत्या वाळून निम्मी झाली होती. तिनं जॉनीकडं पाहिलं नाही. "जेवलास?" एवढंच विचारलं.

"नाय."

"ट्रिशा, वाढ त्याला."

तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील आले. तो एकेक घास मोडत बसला. ताट रिकामं होईपर्यंत आत्या भिंतीकडं बघत पडून राहिली. मग म्हणाली, "आता बोल. साहेबाला काय सांगितलंस?"

"तुला माहीत आहे, आत्या."

"मोबाइलमधलं मला नको. तुझ्या तोंडून पाहिजे."

"म्हणालो, माझा नाय."

"आणि?"

"मला काय माहीत नाय."

"का?"

जॉनीनं माझ्याकडं पाहिलं. मला राहवलं नाही. "आत्या, अख्खं गाव गप्प होतं, एकट्या जॉनीलाच का..."

"ग्रेस, तू गप. बाजारात पुरे झालं तुझं. गावाचं गाव बघेल, मी याला विचारते."

"घाबरलो," जॉनी म्हणाला. "पोलीस बघितले आणि घाबरलो."

"आणि मी पडले तेव्हा कुठं होतास?"

"तिथंच."

"मग उचलायला का नाय आलास? मी तुला बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि घराकडं वळलास. सुगंधानं उचललं मला. तिचा ना क्रूस, ना चर्च."

हे मला माहीत नव्हतं. ॲलनचा व्हिडिओ चौथरा कोसळतो तिथंच संपतो. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी गावाशी भांडत होते तो माणूस पडलेल्या म्हातारीला तशीच टाकून घरी आला होता, हातपाय धुऊन खुर्चीत बसला होता, आणि संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा मला त्यातलं काही बोलला नव्हता. मला त्याच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या. मी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

जॉनी रडत होता, पुरुष रडतात तसं, आवाज दाबून. आत्यानं त्याला रडू दिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

"खुब्याचं सोड," ती म्हणाली. "म्हातारीचं हाड, कधीतरी मोडणारच होतं. पण मी रोज वाट बघितली. हा आज येईल, उद्या येईल. नाताळला येईल. दवाखान्यात नाय आलास, घरी नाय आलास. चर्चच्या दारात उभा राहतोस म्हणे. कोणाला दाखवायला? देवाला? मी इथं होते ना, चार घरं सोडून."

"मला तुझं तोंड बघवलं नसतं."

"आणि मी काय बघते दोन वर्षं, तुझ्यामुळं? या खिडकीतून भिंत दिसते, बस." तिला धाप लागली. ट्रिशानं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं उशाखालची जपमाळ काढून त्याच्यासमोर टाकली. "झालं रडून? आता रोझरी म्हण."

"नाय जमणार मला."

"ती स्पीकरवरची बाई मला नको. पडल्या पडल्या तीच ऐकू येते. मी उत्तर देईपर्यंत पुढं पळते, मेली."

जॉनीनं माळ उचलली आणि सुरुवात केली. तो नुसता पुटपुटत होता. पहिल्या दहा मण्यांत दोनदा चुकला. आत्या फक्त "पुढं" म्हणायची. एवढ्यात बाहेर ॲलनचा स्पीकर सुरू झाला आणि ती बाई खोलीत शिरली. ट्रिशा खिडकी लावायला उठली, तर आत्या म्हणाली, "राहू दे. हा मोठ्यानं म्हणेल."

आणि तो मोठ्यानं म्हणू लागला. लितानीपर्यंत त्याचा जुना आवाज आला होता, थोडा फाटका, पण तोच. प्रत्येक ओळीला आम्ही तिघी उत्तर देत होतो, "आमच्यासाठी विनंती कर." माझा राग अजून गेला नव्हता. दात आवळून उत्तर देत होते, पण एकही ओळ सोडली नाही.

संपल्यावर आत्या म्हणाली, "मागच्या आळीत फिलोमिना आहे, तिचे डोळे गेलेत. तळ्याकडचा आंतोन जिना उतरू शकत नाय. ज्यांना पाय आहेत ते जातील ॲलनच्या क्रुसाकडं, त्यांचं मला काय नाय. ज्यांना नाय त्यांच्या घरी जाऊन तू म्हणायची. रोज. मे संपला तरी."

"लोक काय म्हणतील, आत्या? कोंबडा..."

"आरवू दे. तुला काम सांगितलंय, त्यांना नाय."

जॉनीनं माळ तिच्या हातात दिली. दारापर्यंत गेला आणि परत वळला. "आत्या, माफ केलंस मला?"

"नाय," आत्या म्हणाली. "तोंडदेखलं मला जमत नाय. कूस बदलता येत नाय तेव्हा राग येतो तुझा, अजून येतो. तू येत जा, मग बघू."

मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा छत्र्यांपाशी जाऊन उभा राहणार. मी त्याचा दंड धरायला पुढं झाले. पण तो नीट उभा होता. दोन वर्षं त्याला सगळे एकतर टोचत होते नाहीतर गोंजारत होते, मी धरून. खरं उत्तर त्याला आज मिळालं होतं, आणि ते ऐकून तो खाली बसला नव्हता.

"उद्या आधी तुझ्याकडं येऊ, की फिलोमिनाकडं जाऊ?" त्यानं विचारलं.

"तिच्याकडं जा," आत्या म्हणाली. "ती लवकर झोपते."