चारही बोटं पुढे

ताईच्या डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून धाकटीने तिला आपल्याकडेच आणून ठेवलं होतं. जखम भरली, पण शब्द दगा द्यायचे. कात्रीला ताई 'ते कापायचं' म्हणायची, आणि आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली ती बाई ओशाळून जायची. हळूहळू तिने बोलणंच कमी केलं. धाकटी तिच्यासमोर हसून वेळ मारून न्यायची आणि शिलाई मशीनवर बसली की आतल्या आत खचायची.

त्या सकाळी मशीनखालच्या चिंध्यांत एक काळपट पाखरू सापडलं. कोयत्यासारखे लांब पंख, चोच अगदी नखाएवढी. धाकटीने त्याला कपडे टांगायच्या दांडीवर बसवलं, तर ते घसरून खाली. पुन्हा बसवलं, पुन्हा खाली. पाय मोडले असणार, असं गृहीत धरून ती त्याला ओंजळीत घेऊन ताईकडे गेली. विचारायला नव्हे, एकटीला बघवेना म्हणून.

ताईने चष्मा लावला. पोटाची पिसं फुंकरीने बाजूला केली आणि इवलासा पाय बोटावर घेतला.

"मोडलेला नाही," ती म्हणाली. "बोटं बघ. चारही पुढे."

मग ती बोलतच सुटली. भिंगरी अशीच दिसते, पण तिचं एक बोट मागे असतं, म्हणून तिला तार धरून बसता येतं. ती चिमण्यांच्या गणातली. हिचा गणच वेगळा. ही भिंतीला लटकते, दांडीवर बसणार कशी? चोच एवढीशी, पण तोंड उघडलं की डोळ्यांपर्यंत फाकतं, उडता उडता किडे गिळायला.

नाव मात्र अडलं. ताईचे ओठ हलले, थांबले. धाकटी सवयीने हसून वेळ मारून न्यायला निघाली.

"असू दे," ताईच म्हणाली. "नाव येईल मागून. गण चुकला नाही माझा."

जमिनीवरून हिला उडायला जड जातं, म्हणून दोघी गच्चीवर गेल्या. धाकटी भिरकावणार होती. ताईने तिचा हात धरला आणि तळवा नुसता उघडा ठेवायला सांगितलं. पाखरू थरथरलं, कठड्यापलीकडे दगडासारखं पडलं, आणि समोरच्या इमारतीवरून सुसाट वर गेलं.

धाकटी टाकीला टेकून खाली बसली. किती महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"रडतेस काय, वेडे," म्हणत ताई शेजारी टेकली. वर एक घार घिरट्या घालत होती. ताईने तिची शेपूट दाखवली, मग आकड्यासारख्या चोचीच्या पक्ष्यांचं सांगायला लागली. धाकटीला निम्मं कळलं नाही, पण तिने ताईला मध्ये एकदाही तोडलं नाही.