नवमीचा पाऊस

चकलांब्यात नवमीला पाऊस पडला, असं आमच्या प्रकल्पाच्या नकाशावर दिसत होतं. उपग्रहाच्या चित्रात मात्र त्या दिवशी अख्ख्या बीड जिल्ह्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. युरोपातून प्रकल्पाच्या प्रमुख प्राध्यापक इल्सा बाईंचा मेल आला, तेव्हा मी गेवराईच्या कॉलेजात चहा पीत होतो. तो चहा मला गोड लागला नाही. महिनाभरात पाहणीला येते, त्याआधी खुलासा हवा, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. सभ्य माणसं दुसऱ्याला खोटारडा म्हणतात ते अशाच भाषेत.

आमचं विद्यापीठ, त्यांचं विद्यापीठ आणि केनियातलं एक, अशा तिघांना मिळून युरोपातून अनुदान मिळालं होतं. एमएस्सीचा अभ्यासक्रम तिघांचा एकच. मुलांनी आपापल्या भागातल्या लोकांना हाताशी धरून पाऊस मोजायचा, आणि ज्याचं काम खरं उतरेल त्याने एक सत्र परदेशात जाऊन शिकायचं. आमच्याकडून वैष्णवी जाणार होती. ती चकलांब्याचीच, शेतकऱ्याची पोर. दोन वर्षं घरोघर फिरून तिने पर्जन्यमापक बसवले, लोकांना फोनवर आकडा पाठवायला शिकवलं. गावाचे आकडे बाद झाले की तिची जागाही बाद. मी भूगोल शिकवतो आणि रागाला लवकर येतो. तिला गाडीत बसवलं आणि तडक गाव गाठलं.

तिची चुलती छबुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"काकू, नवमीला पाऊस कुठून आला?" वैष्णवीने विचारलं.

"पाऊस कुठला आलाय. पूजा केली की यंत्राची. खंडेनवमीला इळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, समद्यांची केली, मंग या यंत्रानंच काय घोडं मारलंय? हळदकुंकू लावलं, तांब्याभर पाणी घातलं."

"आन् सकाळी आकडा पाठवलास?"

"पाठवणार न्हाई तर. तूच सांगितलं व्हतं, भांड्यात दिसंल तेवढंच लिवायचं, मनाचं काई घालायचं न्हाई."

मी कपाळाला हात लावला. छबुबाईचं बघून सगळ्या गावाने तसंच केलं होतं. कुणाचा तांब्या मोठा, कुणाचा लहान, म्हणून पाऊसही घरोघर वेगळा. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, प्रत्येकाने तो इमानदारीने मोजून पाठवला होता.

"यंत्रात बिघाड होता असं लिहू," मी वैष्णवीला बाजूला घेऊन म्हणालो, "आणि तो दिवसच काढून टाकू."

"बिघाड झालाच न्हाई सर. कसा लिहू?"

"मग यंत्राची पूजा केली असं लिहिणार? हसतील ते."

"हसू द्या."

हातातोंडाशी आलेला घास घालवशील, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती ऐकत होती, पण नजर फोनवरच्या नकाशावर. सगळ्या गावात एकच घर कोरडं होतं. माळावरच्या वस्तीतल्या म्हाळूचं. मेंढरं राखणारा म्हाळू आमच्या पहिल्या स्वयंसेवकांपैकी एक. कोरडा आकडा बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण म्हाळू नवमीच्या दोन दिवस आधी वारला होता. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने शून्य आला होता. आता आमच्यावर खोटेपणाचा शिक्का बसणारच, असं मला वाटलं.

वैष्णवी तशीच वस्तीकडे निघाली, मी मागोमाग. म्हाळूची बायको सारजाबाई वाड्यातल्या मेंढरांना पाला टाकत होती.

"मीच पाठवला त्यो शून्य," ती म्हणाली. "सुतकात कशाची पूजा? कुणी हात लावला न्हाई यंत्राला. कोरडं ठणठणीत व्हतं."

वैष्णवी माझ्याकडे वळली. "सर, पूजा झाली तिथं पाऊस. सुतक होतं तिथं न्हाई. लोकांनी घरी बसून आकडे बनवले असते, तर हा शून्य आला असता का?"

मला पोरीचा अभिमान वाटला, आणि हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून थोडा रागही आला. खुलासा तिने एकटीनेच लिहिला आणि पाठवला. त्यावर इल्सा बाईंचं काहीच उत्तर आलं नाही, त्या स्वतःच आल्या.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळा गाव जमला होता. वैष्णवी उभी राहिली आणि इंग्रजीत सांगत गेली. खंडेनवमी म्हणजे काय, अवजारांची पूजा का करतात, सुतकात ती का करत नाहीत. तो दिवस तिने पुसला नव्हता, नकाशावर त्याच्यापुढे नुसतं 'पूजा' असं लिहिलं होतं. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण स्वतःची चूक इतक्या ताठ मानेने मांडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

इल्सा बाई हसल्या नाहीत. त्यांनी सारजाबाईंना पुढे बोलावलं आणि वैष्णवीमार्फत विचारलं, "घरात एवढं दुःख असताना त्या सकाळी तुम्ही माप का घेतलंत?"

"पडला असता तर कुणी मोजला असता?" सारजाबाई म्हणाली. "आन् घरात मान्सं येत व्हती, रडत व्हती. यंत्रापाशी गेले तेवढाच दम खाल्ला. तसं तर पहिल्यापासून मीच मोजते. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यांना आकडा कुठं दिसत व्हता. नाव तेवढं त्यांचं."

म्हणजे दोन वर्षांची माहिती भलत्याच माणसाच्या नावावर. इल्सा बाई उत्तराची वाट बघत होत्या. मी वैष्णवीला डोळ्यांनी खुणावलं, की शेवटचं राहू दे. तिने माझी खूण पाहिली, आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगून टाकला.

इल्सा बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, इथली माणसं काही लपवत नाहीत, म्हणून चकलांब्याचे सगळे आकडे राहतील, नवमीचेही. आणि ही नवमी युरोपातल्या माझ्या वर्गाला वैष्णवीनेच तिकडे येऊन समजावून सांगावी.

वैष्णवी सारजाबाईंना म्हणाली, "काकू, आपले आकडे राहिले."

"मंग एक काम कर," सारजाबाईने कमरेचा फोन काढून तिच्यापुढे धरला. "यातलं नाव बदल. माझं टाक. पाऊसकाळ सरला. आता रोज सकाळी त्यांचं नाव दाबायचं आन् म्होरं शून्य लिवायचं, ते माझ्यानं होत न्हाई."

वैष्णवीने फोन घेतला, पण तिचे डोळे भरून आले होते, तिला अक्षरं दिसेनात. तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला आणि सारजाबाईंचं नाव टाकलं.