मास्तरांचा आवाज

आमच्या ह्यांचं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. चॅनेलवर दिसायचा तो फक्त ट्रक. कॉम्प्युटरच्या गेममधला, मालाने भरलेला, घाटातून नाहीतर गावांमधून निवांत चाललेला. आणि ऐकू यायचा तो ह्यांचा आवाज. रोज दुपारी चार ते सात, लाइव्ह.

हे आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात सतरा वर्षं गेली. ते स्कूल बंद पडलं आणि हौसेने सुरू केलेला हा खेळ पोटापाण्याचा धंदा झाला. बाकीचे गेमवाले गाड्या उडवतात, आदळतात, बोंबा मारतात. आमचे हे चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबायचे. "कोणी बघत नाही म्हणून नियम संपत नाही, मंडळी," म्हणायचे आणि दिवा हिरवा होईपर्यंत कुणाच्या तरी पोराच्या परीक्षेची चौकशी करायचे. हा माणूस कंटाळवाणा आहे हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण जगात हजार-बाराशे माणसांना रोज तीन तास असाच एक कंटाळवाणा माणूस हवा असतो, हे मला कुठे ठाऊक होतं!

लोक ह्यांना 'मास्तर' म्हणायचे. बहुतेकांना बघायचं नसायचंच, काम करता करता ऐकायचं असायचं. एक बाई कपडे शिवायची, तिने चॅनेलवर स्वतःचं नाव 'शिवणयंत्र' ठेवलं होतं. ह्यांचं ऐकून ऐकून तिने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली, आणि दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली. त्या दिवशी ह्यांनी गेममध्ये ट्रक बाजूला घेऊन तीन वेळा हॉर्न वाजवला होता. आणखी एकजण 'पोटमाळा' नावाने यायचा. तो काय करतो ते चार वर्षांत त्याने सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही.

माझं काम कॉमेंट सांभाळायचं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची. कोणी घाण बोललं की काढून टाकायची. मला सगळे 'बाई' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आकडा मोठा नव्हता, पण हलत नव्हता, आणि ह्या धंद्यात तेच सगळं असतं. एकदा ह्यांना तीन दिवस ताप आला, लाइव्ह बंद राहिलं. तेवढ्यात ते वरचं यंत्र रुसलं. कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं यंत्र असतं ना, ते. त्याने आम्हाला लोकांसमोर आणणंच सोडलं. हजार माणसं परत गोळा व्हायला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत घर कसं चाललं ते माझं मला माहीत.

म्हणून गळ्याच्या डॉक्टरांनी "सहा आठवडे" म्हटलं तेव्हा मला आधी ते अडीच महिनेच आठवले. स्वरयंत्रावर गाठ होती. साधी होती, काढून टाकता येणारी होती. पण नंतर सहा आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. "कुजबुजायचं तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी घरी आल्यावर कागदावर लिहिलं, "लोकांना खरं सांगू. थांबतील ते."

"लोक थांबतील हो," मी म्हटलं, "पण ते यंत्र थांबणार आहे का?"

आणि मग भावोजींचं नाव मीच काढलं. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. माझे दीर पडद्यांच्या दुकानात कामाला होते, तीन वाजता सुटायचे. दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर सासूबाईसुद्धा आधी "कोणता?" असं विचारून घ्यायच्या. चेहरा दिसायचा नव्हताच. गाडी हे चालवतील, बोलतील भावोजी. सहा आठवड्यांचा तर प्रश्न.

"वहिनी, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला कळायचं काही नाही. दादा फळ्यावर लिहितील, तुम्ही वाचायचं."

पहिले काही दिवस तसंच झालं. हे एका हाताने स्टिअरिंग धरायचे, थांबले की लहान पांढऱ्या फळ्यावर भराभरा लिहायचे आणि भावोजी वाचायचे. कुणाला संशय आला नाही. 'शिवणयंत्र' तेवढी म्हणाली, "मास्तर, आज थकल्यासारखे वाटताय." मी दाराआडून ऐकत होते.

दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी सवयीप्रमाणे रिकाम्या चौकात गाडी थांबवली. फळ्यावर काही लिहायच्या आत भावोजी बोलून गेले, "अहो मंडळी, गेली सात वर्षं मी ह्या चौकात थांबतोय आणि एक कुत्रंही आडवं गेलेलं नाही. माझी बायको म्हणते, तुमच्याशी लग्न केलं तेव्हा दिवा हिरवा होता का ते आठवत नाही."

कॉमेंटचा नुसता पूर आला. लोक हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू? ह्यांनी फळा पुसला आणि खाली ठेवला.

पडद्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून भावोजींची जीभ सैल झालेली होती. त्यांना फळ्याची गरज उरली नाही. चौथ्या आठवड्यात आकडा दोन हजारांवर गेला. एक दिवस गंमत म्हणून स्टिअरिंगही त्यांनीच घेतलं. ट्रक कुंपणात घुसवला आणि वर म्हणाले, "बघा, असं करायचं नाही, म्हणून मुद्दाम दाखवलं." त्या दिवशी आकडा तीन हजार. मास्तर हल्ली खुलले आहेत, असं लोक म्हणू लागले. हे शेजारी बसून असायचे. मी विचारलं, "तुम्हाला राग येतोय का?" त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. हे बोलत असते तरी 'नाही'च म्हणाले असते.

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी "बोला" म्हटलं, आणि ह्यांच्या तोंडून जे निघालं ते मला ओळखूच आलं नाही. बारीक, फाटका, मध्येच विरून जाणारा आवाज. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पण पहिल्यासारखा होईलच असं सांगता येणार नाही.

त्या दिवशी चार वाजता हे आपल्या खुर्चीवर बसले. नवीन शर्ट घातला होता. दिसणार कोणाला होता! माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "नमस्कार मंडळी, मी मास्तर."

पहिली कॉमेंट आली, "हा कोण?"

मग धडाधड येत गेल्या. मास्तर कुठे आहेत. नक्कल करायची तर नीट तरी करा. हे शांतपणे सांगत राहिले, "माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे मी बोलू शकत नव्हतो." त्यावर 'पोटमाळा'ने लिहिलं, "कालच तर मास्तर तीन तास बोलत होते. खोटं बोलायचं तर जरा विचार करून बोला."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरं सांगायची वाट आम्हीच आमच्या हाताने बंद करून ठेवली होती. हे म्हणाले, "माझा भाऊ बोलत होता, आवाज सारखा आहे." लोक हसले. हे म्हणाले, "शिवणयंत्र, तुम्ही पास झालात तेव्हा मी तीन वेळा हॉर्न दिला होता." तिने लिहिलं, "तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय." तासाभरात तीन हजारांचे सातशे झाले. तरी हे लाल दिव्याला थांबत होते, त्या फाटक्या आवाजात समजावत होते, पोरांच्या परीक्षा विचारत होते. कोणी उत्तर देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोनशे उरले. शिवाय मास्तरांचं चॅनेल कुणीतरी चोरलंय, अशा तक्रारी वर गेल्या. चॅनेल बंद होऊ शकतं, अशी नोटीस आली. मी भावोजींना फोन लावला.

भावोजी आले, माईकपुढे बसले आणि म्हणाले, "काय मंडळी, दोन दिवस अंथरुणाला काय खिळलो, चुलतभावाला बसवलं तर तुम्ही त्याला खाऊनच टाकलंत की!"

असं बोलायचं ठरलं नव्हतं. त्यांना त्या क्षणी सुचलं ते ते बोलले. लोकांनी चॅनेल डोक्यावर घेतलं. तक्रारी मागे घेतल्या गेल्या. आणि माझा नवरा स्वतःच्या चॅनेलवर स्वतःचाच चुलतभाऊ झाला.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. भावोजी रडवेले झाले होते. "दादा, मी उद्यापासून येत नाही. तू सांगशील तसं."

"सगळं खरं सांगून टाकू," हे म्हणाले.

"काय सांगाल?" मी भडकले. राग माझा माझ्यावरच होता, निघाला मात्र त्यांच्यावर. "सहा आठवडे तुम्हाला फसवलं, असं सांगाल? कोण राहील मग? ना तुमच्यासाठी, ना भावोजींसाठी!"

सासूबाई म्हणाल्या, "अरे, दोघंही माझेच ना? घरातच तर आहे सगळं." ह्यांनी आईकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. आईला काय सांगणार? खरंच घरातच होतं सगळं, फक्त त्यात हे कुठे नव्हते.

ठरलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि भावोजी खुर्चीवर बसले. महिन्याभरात त्यांनी पडद्यांचं दुकान सोडलं. हे बसायचे स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. टेबल पुसायचे, चहा करायचे, मोबाईल बघायचे. बोलणं अगदी कमी केलं होतं. एकदा मी म्हटलं, "अहो, नवीन चॅनेल काढा ना." तर म्हणाले, "ह्या आवाजाचं?" मी तो विषय पुन्हा काढला नाही.

परवाची गोष्ट. पाच वाजले असतील. भावोजी घाटातून उतरत होते आणि कुठल्यातरी लग्नाची गोष्ट रंगवून सांगत होते. माझ्यासमोर एक नवीन नाव आलं, नुसते आकडे असलेलं. कॉमेंट होती, "उतार आहे. गिअर खाली घे."

भावोजींनी ती मोठ्याने वाचली. "घ्या! मास्तरांना शिकवायला आले एक मास्तर. काका, माझं आयुष्य गेलंय उतारावर." लोक खदखदून हसले. ट्रक वेगात सुटला आणि वळणावर कठड्याला घासला. पुन्हा तेच नाव आलं, "ब्रेक तापलेत. थांब आता." लोकांना चेव चढला. कोणी म्हातारा म्हणालं, कोणी आणखी काय काय म्हणालं.

मी मान वर केली. समोर हे मोबाईलवर वाकून एका बोटाने टाइप करत होते.

"अहो," मी हळूच म्हटलं, "नका ना."

त्यांनी ऐकलं नाही. माझ्या पडद्यावर अक्षरं आली. "तो मास्तर नाही. मास्तर मी आहे."

पलीकडच्या खोलीत भावोजी एकदम गप्प झाले. त्यांना कळलं असावं. ती शांतता चार हजार लोकांनी ऐकली. कोणी लिहिलं, मास्तर दुखावले. कोणी लिहिलं, हा तोच तोतया दिसतोय. पुन्हा तक्रार करू या, असंही कोणीतरी लिहिलं. मग 'शिवणयंत्र'ने लिहिलं, "बाई, ह्या माणसाला काढा हो. मास्तरांना त्रास होतोय."

सगळे 'बाई, बाई' करू लागले. भावोजी बोलत नव्हते, ट्रक रस्त्यात तसाच उभा होता, आणि आकडा खाली यायला लागला होता. चार हजार. अडतीसशे. माझं बोट त्या नावावर होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मोबाईल खाली ठेवला असता तर मला काही करावं लागलं नसतं. त्यांनी तो ठेवला नाही.

मी त्यांना ब्लॉक केलं.

दुसऱ्या खोलीत भावोजींचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधी अडखळत, मग सावरत. ह्यांनी आणखी काहीतरी टाइप केलं, पाठवायला गेले, पुन्हा पुन्हा बोट दाबलं.

"जात नाहीये," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

लिहिता येत नव्हतं तरी त्यांना दिसत सगळं होतं. माझ्या लॅपटॉपवर आणि त्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी 'शिवणयंत्र'ची कॉमेंट आली, "आभार, बाई. मास्तरांना कोणी बोललेलं मला सहन होत नाही. माझ्यासाठी फार केलंय त्या माणसाने."

ह्यांनी ती वाचली. मग उत्तर द्यायला म्हणून अंगठा पुढे नेला, आणि तसाच धरून बसले.