तेराव्याची संमती

मार्करचं टोपण बसत नव्हतं. काळ्या मार्करला निळं टोपण – कुणीतरी अदलाबदल केलेली – आणि सुरैया ते उगाच दाबत राहिली. समोर नववीच्या मुली. सगळ्यात मागच्या बाकावर मिस रीम, पुढच्या सत्रापासून हा वर्ग जिचा होणार होता. सौदीकरणात, म्हणजे परदेशी काढून स्थानिकांना घेण्यात, सुरैयाची जागा गेली, त्यात रीमचा काय दोष? पोरगी गोड. रोज आठवणीनं सुरैयासाठी खजूर आणायची. राग धरायलासुद्धा तिनं जागा ठेवली नव्हती.

"अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली," सुरैयानं इंग्रजीत सुरुवात केली. "तेरा राज्यं. राजाला हाकललेलं, त्यामुळे हुकमाची धास्ती. म्हणून पहिलं सरकार असं केलं, की ते कुणावर हुकूम चालवूच शकणार नाही."

फळ्यावर लिहिलं – कर मागता येतो, वसूल करता येत नाही.

मागता येतो... काल जेवताना तिचा नवरा नदीम म्हणाला होता, "मी कुठं नाही म्हणतोय? फक्त सगळ्यांचं एकदा हो येऊ दे." परतायचं दोन वर्षं नुसतं घोळत होतं; आता पुण्यातली एक शाळा तिला घ्यायला तयार होती, उत्तर आज हवं होतं. ती आणि मुलगी अफशाँ पुण्यात, नदीम इथंच सौदीत, ओलाया भागातल्या त्याच्या बँकेत. एवढंच तर होतं. पण रत्नागिरीहून जेठ, नदीमचे थोरले भाऊ जमालुद्दीन भाईजान – इथं आपलं घर असताना पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणार? त्यांना कसंबसं पटवलं, तर नणंद तबस्सुम गप्प. हो नाही, नाहीही नाही. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा, बस्स. आणि अफशाँ ताटातून मान वर न करता, "अम्मी, वी आर गोइंग ऑर नॉट? हर हफ्ते फ्रेंड्स से फेअरवेल लूँ क्या?"

फळ्यावर – बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी.

"एकदा बारा राज्यं बंदरावरच्या कराला तयार झाली," सुरैया म्हणाली. "ऱ्होड आयलंड नाही म्हणालं. सगळ्यात छोटं राज्य. खलास."

मुली हसल्या. सुरैयाही हसली, दरवर्षी इथं हसायची तशी – आणि हसता हसता तिला तबस्सुमचा चेहरा दिसला. धाकटी म्हणून लाडावलेली, बोलण्यापेक्षा गप्प राहून जास्त मिळतं हे लहानपणीच शिकलेली... तिच्यावर कसला राग? तिला हा अधिकार दिला कुणी? आम्हीच. नको म्हणायचा हक्क घरात सगळ्यांना वाटून दिला आणि हो म्हणायचं काम कुणाकडेच ठेवलं नाही. दोन वर्षं मी तेराव्याची वाट बघत बसलेय, आणि त्याला मी माणसं जपणं म्हणत आलेय.

"मग बदललं कसं, मिस?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"दुरुस्तीसाठी म्हणून जमले. दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नवीनच लिहून काढलं. त्यात घातलं, नऊ राज्यं तयार झाली की पुरे."

"पण नियम तर तेरांचा होता! मग ही चीटिंग नाही?"

मागच्या बाकावर रीमनं वहीतून मान वर केली. इतकी वर्षं सुरैया इथं 'सुधारणा' हा शब्द वापरून पुढच्या पानावर जायची.

"नियम मोडलाच त्यांनी," ती म्हणाली. "स्वतःच केलेला. तो पाळत बसले असते तर पाळायला काही उरलंच नसतं."

"आणि ऱ्होड आयलंड?"

"बैठकीला आलंच नाही. बाकीचे थांबले नाहीत. ते आलं नंतर, सगळ्यांच्या शेवटी, कुरकुरत."

शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीशी बसून तिनं नदीमला फोन लावला.

"अहो, मी पुण्याला हो कळवतेय."

"तबस्सुमचं आलं?"

"नाही."

"मग एक दिवस थांब की. मी बोलतो तिच्याशी."

"बोला ना. ती मागाहून हो म्हणाली तरी चालेल."

"आणि भाईजान? उद्या पुन्हा फिरले तर काय सांगू त्यांना?"

"तुम्ही नका सांगू. त्यांना जे बोलायचं ते मला बोलू देत."

"बरं, घरी ये," एवढंच तो म्हणाला. बारा वर्षांच्या संसारात त्याच्या स्वराचा अर्थ तिला नेहमी कळायचा. आज कळला नाही. तो रागावला होता, की त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं होतं?

घरी जाईन. कदाचित भांडण होईल. कदाचित भाईजान वर्षभर बोलायचे नाहीत, ईदलासुद्धा. बाहेर काचेचे मनोरे उन्हात पांढरेफटक झाले होते आणि तिच्या मनात मात्र कुणाचे चेहरे येत नव्हते. नवी शाळा, मराठी बोलणाऱ्या मुली, ज्यांना इतिहास मराठीतून शिकवताना आपली जीभ अडखळेल... ही धास्ती तिच्या ओळखीची होती. नव्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकण्याआधी नेहमी वाटणारी.