ताईचे सतरा फोटो

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो, आणि स्वतःविषयी चांगले सांगावे असे माझ्याजवळ फारसे उरलेले नाही. हाताची थरथर कॅमेऱ्याला लागू नये म्हणून त्याला ज्या तीन पायांवर बसवतात, तो मी. मला काम एकच दिले होते. उभे राहायचे आणि हलायचे नाही. एवढ्या सोप्या कामातही कुणी तोंडघशी पडतो का, असे तुम्ही विचाराल. पडतो. मी पडलो.

माझे पाय अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे आहेत. एकीत एक सरकणाऱ्या तीन नळ्या मिळून एक पाय होतो. तिन्ही पायांच्या मधोमध एक उभा दांडा आहे. तो वर-खाली होतो आणि एका स्क्रूने आवळला की जागेवर राहतो. कारखान्यात शेवटच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावर विटेएवढे वजन ठेवले, स्क्रू आवळला, चहा पिऊन आल्या आणि पट्टी लावून पाहिले. दांडा केसभरही उतरला नव्हता. "गुणाचा आहे," असे म्हणून त्यांनी मला खोक्यात घातले. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

दुकानात मला घ्यायला दोघे आले. एक फोटोवाला, पन्नाशीचा, काडीसारखा किडकिडीत. दुसरी त्याची थोरली बहीण. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. भाऊ लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ती त्याला अजूनही 'ढब्बू' म्हणायची, आणि तेही चारचौघांत. ताईला एक पुस्तक करायचे होते. डोंगरात, ओढ्याकाठी उगवणाऱ्या आणि कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या इवल्याशा फुलांचे पुस्तक. फोटो ढब्बूने काढायचे, असे ठरले होते. म्हणजे तिने ठरवले होते.

"डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचे तर हा भारी घ्या," दुकानदार एका धिप्पाड ट्रायपॉडला थोपटत म्हणाला. "वाऱ्याला दाद देत नाही. माणसांचे काढायचे तर उंची बघा. नुसते पाय लांब करून कॅमेरा डोळ्यापाशी आला पाहिजे. आणि फुलं, किडे काढायचे तर पाय जमिनीलगत पसरले पाहिजेत, नाहीतर दांडा उलटा घालून कॅमेरा खाली लोंबकळवता आला पाहिजे."

"आणि तिन्ही करायचं असेल तर?" ढब्बूने विचारले.

"तर तीन घ्या. माझी काही हरकत नाही."

"आणि डोंगरावर वाहून कोण नेणार?" ताई म्हणाली. "याला स्वतःचं वजन नेववत नाही."

तिघेही हसले. मग ढब्बूने मला उचलले, पाय पसरले, दांडा उलटा घालून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मी हलका होतो, बसका होत होतो, आणि दांडा वर घेतला तर उंचही होत होतो. सगळ्याला थोडा थोडा चालणारा मी, त्याच्या मनात भरलो. पैसे घेताना दुकानदाराने बजावले, "उंची लागली तर आधी पाय लांब करा, दांडा अगदी शेवटी. आणि वाळूतून आणलात की खोलून धुवा. वाळू याला आतून खाते."

पहिली दोन वर्षे माझी फार बडदास्त होती. ओढ्यावरून आलो की ढब्बू मला न्हाणीघरात नेई, दांडा काढून जुन्या टूथब्रशने त्याची खोबण घाशी आणि टॉवेलवर वाळत घाली. "स्वतः एवढी आंघोळ करत जा," असे ताई दारातून म्हणे. एका खडकाच्या कपारीत नखापेक्षा लहान निळे फूल होते. त्यासाठी मी सकाळभर चिखलात पाय फाकून उभा राहिलो. दांड्याला उलटा टांगलेला कॅमेरा चिखलापासून चार बोटे वर होता. ताई शेजारी पालथी पडून वारा अडवायला दोन्ही हातांचा आडोसा करून होती. फोटोत त्या फुलाच्या देठावरची लव मोजता येत होती. छापखान्यातला माणूस तो पाहून म्हणाला, "केवढा स्थिर हात आहे हो तुमचा!" ढब्बू म्हणाला, "हात नाही, हा." आणि त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. मित्रांनो, मला त्या दिवशी याहून जास्त काही नको होते.

"ताई, तुझाही एक फोटो काढू. शेवटच्या पानाला लागेल," ढब्बू म्हणायचा.

"आधी फुलं. ती थांबत नाहीत. मी कुठे पळून चाललेय?"

तिसऱ्या वर्षी ताईच्या फुप्फुसांनी दगा दिला. जिना चढताना ती दोनदा बसू लागली, मग जिनाच बंद झाला. उरलेली फुले ढब्बू एकटाच शोधायला जाई. सकाळी ओढा, दुपारी दवाखाना. मला धुवायचे तो उद्यावर टाकत गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण वाळूला कुणाची कीव येत नाही. दांड्याच्या खोबणीत ती कणाकणाने साचत गेली. स्क्रू फिरवताना करकर आवाज येऊ लागला. ढब्बूने तो ऐकला, जरा जास्त जोर लावून स्क्रू आवळला, आणि वेळ मारून नेली.

मग ताईच म्हणाली, "ढब्बू, तो माझा फोटो आता काढून टाक."

तिची खोली लहान होती. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला कपाट, मध्ये प्राणवायूचे यंत्र. माझे पाय पुरते पसरायला जागाच नव्हती. ढब्बूने पाय आखूड ठेवले आणि दांडा थेट वरपर्यंत ओढला. त्यावर त्याचा सगळ्यात जड लेन्स लावलेला कॅमेरा बसवला. फ्लॅश ताईच्या डोळ्यांना टोचत होता. कमी उजेडात कॅमेऱ्याला घाईने टिपायला लावले की फोटोत वाळूसारखे दाणे उठतात; ते नकोत हा त्याचा जुना हट्ट, म्हणून खिडकीतल्या मंद उजेडात अर्धा-अर्धा सेकंद कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे त्याने ठरवले.

ताईने केस विंचरून घेतले होते. नाकातली नळी तिने स्वतःच काढून उशीमागे ठेवली.

"अर्धा सेकंद हलू नकोस, ताई. बस एवढंच."

"अरे, दगडासारखी बसते बघ."

आणि ती बसली. नळीशिवाय तिला श्वास पुरत नव्हता, तरी दर फोटोला तिने तो रोखून धरला. आणि दर फोटोला मी खाली घसरलो. डोळ्याला दिसणार नाही, इतका थोडा. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवत होतो, पण वाळूने माझी पकड खाऊन टाकली होती. मला ओरडून सांगायचे होते, "थांब, आधी मला बघ!" पण मला तोंड कुठे आहे?

सतरा फोटो झाले. ढब्बूने कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिले. चिमुकल्या पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. मोठे करून पाहायला दोन मिनिटे लागली असती, पण ताईचे ओठ निळसर झाले होते.

"झालं का रे?"

"झालं, ताई. मस्त आलेत."

तिने नळी लावली आणि समाधानाने डोळे मिटले.

पाचव्या दिवशी ती गेली. त्यानंतर आठवड्याने ढब्बूने ते फोटो संगणकावर उघडले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभरा सगळे. उशीची शिवण, पलंगाची कड, ताईचे डोळे, सगळे खालीवर फरफटलेले. तो उठून माझ्यापाशी आला. दांडा वर ओढला, स्क्रू आवळला, वर तोच कॅमेरा बसवला आणि समोर खुर्ची टाकून बसला. त्याच्या डोळ्यांदेखत मी हळूहळू खाली उतरलो. तो मोठ्याने रडला. मला त्याने लाथ मारली असती तर बरे झाले असते. त्याने मला घडी करून कपाटाआड ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

महिन्याभराने ताईची मुलगी आली. पुस्तक छापायला जायचे होते.

"मामा, आईचा फोटो?"

त्याने त्यातल्या त्यात बरा फोटो दाखवला.

"आई हलली वाटतं," ती म्हणाली.

ढब्बूने एकदा कपाटाकडे पाहिले. मला वाटले, आता सांगेल.

"हो," तो म्हणाला. "दमली होती ना."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला वाळूसकट ठेवू नका. करकर ऐकू आली तर नुसते आवळू नका, खोलून पाहा. माणसांचे फोटो फुलांच्या आधी काढा. आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती मुकाट्याने दुसऱ्याच्या नावावर जाऊ देऊ नका, निदान तो दुसरा या जगात नसताना तरी.

पुस्तक निघाले. फुलांचे सगळ्यांनी फार कौतुक केले. शेवटचे पान कोरे आहे. ते का कोरे आहे असे कुणी विचारले की ताईची मुलगी डोळे पुसत हसून सांगते, "आईला अर्धा सेकंदसुद्धा स्वस्थ बसवायचं नाही हो."